नववीच्या पोराला केमिकल फॉर्म्युले आणि नावं कशी समजवायची? घरी रोज भांडण चाललंय

धायरीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, सेमी इंग्लिश. युनिट टेस्टला केमिस्ट्रीचा एक प्रश्न होता, नावावरून फॉर्म्युला लिहा आणि फॉर्म्युल्यावरून नाव लिहा, १० पैकी ३ मिळाले. पेपरवर नुसत्या लाल रेघा, काय चुकलं ते कुठेच लिहिलेलं नाही. क्लासला विचारलं तर म्हणे पाठ करून घ्या. काय काय पाठ करणार, शंभर असतील!

मी स्वतः मराठी मीडियमची, मला आठवतंय ते संयुजा, मूलक आणि तिरकस गुणाकार. तो म्हणतो व्हॅलन्सी, रॅडिकल आणि क्रिसक्रॉस. म्हणजे आम्ही दोघं एकच गोष्ट दोन भाषांत बोलतोय आणि दोघांनाही कळत नाहीये.

त्याने काय लिहिलंय बघा (कीबोर्ड मराठीच आहे त्यामुळे फॉर्म्युले वर्गात म्हणतात तसे लिहिते, चालवून घ्या):

सीए सीएल टू याचं नाव लिहिलंय कॅल्शियम डायक्लोराइड. चूक दिलंय. तो म्हणतो कार्बन डायऑक्साइड चालतं मग हे का नाही, आणि खरं सांगू का मला पण उत्तर देता आलं नाही.

आयर्न ऑक्साइड, मधे कंसात रोमन तीन, याचा फॉर्म्युला लिहिलाय एफई थ्री ओ टू.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिहिलंय सीए ओएच टू, कंस नाही म्हणून शून्य. अर्धा मार्क तरी द्यायचा ना.

मॅग्नेशियम ऑक्साइड लिहिलंय एमजी टू ओ टू.

आणि सोडियम बायकार्बोनेट लिहिलंय एनए, कंसात सीओ थ्री, बाहेर टू. कारण काय तर "बाय म्हणजे दोन ना आई".

पुढच्या सोमवारी परत टेस्ट आहे. कोणीतरी माणसाच्या भाषेत सांगा.

बोळातला_बंड्या

अहो हे दोन मिनिटांचं काम आहे. शेजारी शेजारी दोघांची चिन्हं लिहायची, खाली व्हॅलन्सी (कोण किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा) लिहायची, तिरक्या रेघा मारायच्या, आकडे एकमेकांकडे द्यायचे. शेवटी कॉमन आकडा दिसला की काटायचा, नेहमी काटायचा. एमजी टू ओ टू मध्ये त्याने काटलं नाही एवढीच चूक. रोज २० फॉर्म्युले लिहून घ्या, रविवारपर्यंत तयार होईल.

मिसळ_विदाऊट_पाव

बायकार्बोनेट म्हणजे दोन कार्बोनेट, पोराचं लॉजिक मला आवडलं. नावं ठेवणाऱ्यांनाच शून्य द्यायला पाहिजे.

कर्वेनगरची_ताई

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. दर जूनमध्ये माझ्याकडे ९०-९५ टक्केवाली मुलं येतात आणि त्यातल्या निम्म्यांना हेच येत नसतं, तेव्हा आधी तुम्ही दोघं भांडण थांबवा. मुलगा ढ नाहीये. त्याच्या पाचही चुकांमागे काहीतरी विचार आहे, फक्त त्याला मूळ गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

मूळ गोष्ट अशी की हा हिशोब आहे, जमा आणि खर्च. इलेक्ट्रॉन उणे असतो, सोडियम एक देऊन टाकतो म्हणून तो अधिक एक, हाच त्याचा चार्ज. कॅल्शियम, मॅग्नेशियम दोन देतात म्हणून अधिक दोन, अॅल्युमिनियम तीन. क्लोरीन एक घेतो म्हणून क्लोराइड उणे एक, ऑक्साइड उणे दोन, नायट्राइड उणे तीन. संयुग झालं की एकूण बेरीज शून्य आली पाहिजे, बास. कॅल्शियमकडे अधिक दोन आहेत तर उणे एकवाले क्लोराइड दोन लागणार, म्हणून सीए सीएल टू. तिरकस गुणाकार हा या बेरजेचा शॉर्टकट आहे. पोरं शॉर्टकट शिकतात आणि बेरीज शिकायची राहून जाते, मग शॉर्टकट चुकला की चुकलाय हेच कळत नाही. एफई थ्री ओ टू घ्या आणि बेरीज करा: लोखंड अधिक तीन, असे तीन म्हणजे नऊ, ऑक्साइड उणे दोन असे दोन म्हणजे उणे चार. नऊ आणि चार, जुळलं का? नाही. त्याने आकडे तिरके न नेता सरळ खाली ठेवले. बरोबर उत्तर एफई टू ओ थ्री, सहा आणि सहा.

इथेच रोमन आकड्याचं सांगते. कंसातला रोमन तीन म्हणजे तीन लोखंड नव्हे, तर "यातल्या प्रत्येक लोखंडावर अधिक तीन आहे". हे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. लोखंड, तांबं, शिसं, कथिल ही मंडळी एका चार्जवर टिकत नाहीत, लोखंड कधी दोन कधी तीन, तांबं कधी एक कधी दोन, त्यामुळे नुसतं कॉपर ऑक्साइड म्हटलं तर कोणतं ते कळणार नाही. कॉपर वन ऑक्साइड म्हणजे सीयू टू ओ, कॉपर टू ऑक्साइड म्हणजे सीयू ओ. गंमत बघा, नावात एक आहे तिथे फॉर्म्युल्यात तांबं दोन, आणि नावात दोन आहे तिथे तांबं एक. ही जोडी समजली की रोमन आकडा परत कधी चुकणार नाही.

आता डायक्लोराइड. कॅल्शियमचा चार्ज ठरलेला, क्लोराइडचा ठरलेला, मग किती क्लोराइड लागणार हे नावात सांगायची गरजच काय? जसं आपण "बैलजोडी" म्हटलं की दोन बैलांची जोडी असं कोणी म्हणत नाही. कार्बन आणि ऑक्सिजनचं तसं नाही, दोघंही अधातू, इलेक्ट्रॉन वाटून घेतात, कार्बन मोनॉक्साइड पण असतो आणि डायऑक्साइड पण असतो, एकाने माणूस मरतो आणि दुसरा सोड्याच्या बाटलीत असतो, तिथे मोजून सांगावंच लागतं. म्हणून नियम असा ठेवा: पहिला धातू दिसला (किंवा अमोनियम) की मोनो, डाय, ट्राय नाही. दोन्ही अधातू असले की हे शब्द लागतात.

कंसाचं उद्या लिहिते, वह्या तपासायच्यात.

धायरीची_आई

ताई खूप खूप धन्यवाद, बैलजोडी ऐकून तो हसला आणि पहिल्यांदा वही स्वतःहून उघडली. कॉपरच्या जोडीवर मात्र अर्धा तास वाद घातला, मग बेरीज करून बघितली आणि गप्प बसला.

एक विचारायचं होतं, सासूबाईंच्या रक्तवाढीच्या गोळीवर फेरस लिहिलंय, पुस्तकात फेरस आणि फेरिक दोन्ही आहे. ते म्हणजे हेच का?

कर्वेनगरची_ताई

हो हेच. जुनी पद्धत. शेवटी "अस" आला की कमी चार्ज, "इक" आला की जास्त. फेरस म्हणजे अधिक दोन, फेरिक अधिक तीन. गोळीत बहुतेक वेळा फेरस असतं कारण आतड्याला ते शोषायला सोपं जातं. पण यात एक खड्डा आहे, अस म्हणजे नेहमी दोन असं नाही: क्यूप्रस म्हणजे एक आणि क्यूप्रिक म्हणजे दोन, स्टॅनस दोन आणि स्टॅनिक चार. म्हणजे कमी-जास्त कळतं पण नक्की किती ते पाठच असावं लागतं. या कटकटीवर अल्फ्रेड स्टॉक नावाच्या जर्मन केमिस्टने १९१९ मध्ये रोमन आकड्याची पद्धत सुचवली. परीक्षेत दोन्ही येतं, औषधाच्या दुकानात अजून जुनंच चालतं.

आता कंस. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड, फॉस्फेट, अमोनियम, यांना तुमच्या वेळी संयुक्त मूलक म्हणायचे. हे एकत्र कुटुंब आहे, फोडायचं नाही. हायड्रॉक्साइड म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून उणे एक. कॅल्शियमला अशी दोन कुटुंबं लागतात म्हणून सीए, कंसात ओएच, कंसाबाहेर टू. कंस नसेल तर तो टू फक्त एचला लागतो, म्हणजे दोन हायड्रोजन पण ऑक्सिजन एकच, असला पदार्थ जगात नाही, म्हणून शून्य मार्क. मला विचाराल तर सरांचं बरोबर आहे, रागावू नका. आणि कुटुंब एकच असेल तर कंस घालायचा नाही, सोडियम हायड्रॉक्साइड साधं एनए ओएच.

बायकार्बोनेटचं लॉजिक त्याचं नाही, जुन्या केमिस्टांचं आहे! धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये, दोन सोडियममागे एक कार्बोनेट असतं, एनए टू सीओ थ्री. खाण्याच्या सोड्यात एका सोडियममागे एक. म्हणजे तेवढ्याच सोडियमला दुप्पट कार्बोनेट, म्हणून "बाय". आतला खरा आयन, म्हणजे चार्ज असलेला अणू किंवा गट, एचसीओ थ्री, उणे एक, त्यामुळे फॉर्म्युला एनए एचसीओ थ्री. त्याला सांगा की हल्लीचं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट, त्यात काही लपवाछपवी नाही.

शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्यायला सांगा, सर्वात जास्त मार्क तिथे जातात. आइड, आइट, एट. सल्फाइडमध्ये नुसता सल्फर, ऑक्सिजन नाहीच. सल्फाइटमध्ये तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. नायट्राइटमध्ये दोन, नायट्रेटमध्ये तीन. म्हणजे "एट" म्हणजे अमुक इतकेच ऑक्सिजन असं नाही, "आइट"पेक्षा एक जास्त एवढंच. हायड्रॉक्साइड तेवढं फसवं, शेवट आइडचा पण आत ऑक्सिजन आहे. घरातल्या मिठाच्या पुडीवर बघा, त्यात पोटॅशियम आयोडेट असतं, केआयओ थ्री. आयोडाइड असतं तर केआय. एका शेवटच्या अक्षराने तीन ऑक्सिजन आले, आणि मिठात आयोडेटच घालतात कारण आपल्याकडच्या दमट हवेत ते जास्त टिकतं.

बोळातला_बंड्या

एवढं मोठं लिहायची गरज होती का? क्रिसक्रॉस करा आणि काटा, उत्तर तेच येतं.

पाषाण_निवृत्त

बंड्याभाऊ, नेहमी काटा म्हणालात म्हणून मधे पडतो. आमची अख्खी नोकरी केमिस्ट्रीत गेली, आणि "नेहमी" हा शब्द ऐकला की हात शिवशिवतात.

सोडियम पेरॉक्साइड घ्या. फॉर्म्युला एनए टू ओ टू. काटलात तर एनए ओ, आणि तो पदार्थच नाही. कारण पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांचा हात धरून एक आयन झालेले असतात आणि दोघांचा मिळून चार्ज उणे दोन. तसंच मर्क्युरस क्लोराइड, एचजी टू सीएल टू, तिथे पाऱ्याचे दोन अणू जोडून मिळून अधिक दोन. तो टू कुटुंबाचा आहे, तिरकस गुणाकारातून आलेला नाही. गुणाकारातून आलेला आकडा काटायचा, कुटुंबातला नाही. मूळ दुखणं हेच आहे की तिरक्या रेघा मारल्यावर कोणता आकडा कुठून आला हे विसरायला होतं.

आणि काटायचं तरी का, हे कोणी सांगत नाही. मिठाचा "रेणू" नसतोच. पुस्तकात सवयीने रेणुसूत्र म्हणतात पण मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असं लाखो घरं सगळ्या बाजूंनी पसरलेलं, एखाद्या मोठ्या सोसायटीसारखं, अमकं क्लोराइड तमक्या सोडियमचं असं नाहीच. म्हणून आपण फक्त प्रमाण लिहितो, एकास एक. प्रमाण म्हटलं की सर्वात लहान आकड्यात. एमजी टू ओ टू म्हणजे "एका डझनाऐवजी दोन सहाड" म्हटल्यासारखं, खोटं नाही पण कोणी तसं म्हणत नाही. उलट हायड्रोजन पेरॉक्साइड, एच टू ओ टू, हा खरा सुटा रेणू आहे, चार अणूंचा, तिथे काटायचा प्रश्नच येत नाही.

जाता जाता, त्याने एन ए का, एस का नाही असं विचारलं तर सांगा की ते नेट्रियम या लॅटिन नावावरून आलंय, पोटॅशियमचं के हे केलियमवरून, लोखंडाचं एफई फेरमवरून. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हंफ्री डेव्ही या इंग्रजाने १८०७ मध्ये वीज वापरून पहिल्यांदा वेगळे काढले.

मिसळ_विदाऊट_पाव

काका, दोन सहाड! हा शब्द आजपासून माझा.

नारायणगाव_द्राक्ष

मी शेतकरी माणूस, सध्या मुलांच्या शिक्षणासाठी हडपसरला असतो पण बाग गावाला आहे. विषय बघून राहवलं नाही. आम्हाला शाळेत हे काही कळलं नव्हतं, ते बागेत कळलं आणि पैसे घालवून कळलं.

ठिबकच्या टाकीत एकदा कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र टाकलं. दोन्ही पाण्यात मस्त विरघळतात, वेगवेगळे. एकत्र केले आणि टाकीत दही फाटल्यासारखं पांढरं झालं, अर्धे ड्रिपर चोंदले. नंतर खताच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, अहो नावं वाचा ना, एकाचा कॅल्शियम आणि दुसऱ्याचा सल्फेट भेटले की जिप्सम होणार, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला की नावाचे दोन शब्द म्हणजे दोन वेगवेगळे गडी असतात आणि पाण्यात गेले की ते सुटे होतात, कोण कोणाबरोबर जाईल सांगता येत नाही. तेव्हापासून पोतं उचललं की आधी नाव वाचतो. पोटॅशियम सल्फेट, केटू एसओ फोर, त्याला आम्ही शून्य शून्य पन्नास म्हणतो, पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे तेरा शून्य पंचेचाळीस. तुमच्या मुलाला दोन्हीत पोटॅशियम कुठे एक आणि कुठे दोन ते विचारा, आणि का ते पण.

बोर्डोचं, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मिश्रणाचं, पण तेच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. झालं की लोखंडी खिळा बुडवून बघायचा, खिळ्यावर तांबूस चढलं तर अजून सुटं तांबं शिल्लक आहे, चुना घाला, नाहीतर पानं जळतात. मोरचुदाच्या पाण्यातलं तांबं म्हणजे कॉपर टू, अधिक दोन. हे रोमन दोन मला खिळ्याने शिकवलं.

कर्वेनगरची_ताई

दादा हे मी उद्या वर्गात सांगणार आहे, दही फाटल्यासारखं सकट.

धायरीच्या ताई, तुमच्यासाठी एक घरगुती उपाय. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापा. चार्ज एक असेल तर पट्टी एक बोट रुंद, दोन असेल तर दोन बोटं, तीनला तीन. अधिकवाल्या एका रंगाच्या, उणेवाल्या दुसऱ्या. वरच्या रांगेत अधिकवाले लावा, खाली उणेवाले, दोन्ही रांगा एकाच ठिकाणी संपेपर्यंत, फरशा बसवतात तसं. अॅल्युमिनियम ऑक्साइड करायला सांगा. वर तीन बोटांची एक, खाली दोन बोटांची एक, नाही जुळत, अजून एक खाली, आता खालची पुढे गेली, वर अजून एक, खाली अजून एक, सहा बोटांवर जुळलं. वर दोन, खाली तीन. मॅग्नेशियम ऑक्साइडला पहिल्याच पट्टीला जुळतं, काटाकाटी करायलाच लागत नाही. आणि सल्फेटची पट्टी एकच, तिच्यावर एसओ फोर आधीच लिहिलेलं, तशा दोन-तीन लागल्या की कंस का हवा ते डोळ्यांना दिसतं. कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडांतलं, ते करून बघा, वर तीन खाली दोन आलं पाहिजे.

पाठ करायचं म्हणाल तर फक्त पट्ट्या. २०-२२ आयन पाठ झाले की शंभर फॉर्म्युले पाठ करायची गरज नाही. अमोनियम आणि अमोनिया मात्र वेगळे ठेवायला सांगा: अमोनिया हा एनएच थ्री, वायू, चार्ज नाही, त्याची पट्टीच नाही. अमोनियम एनएच फोर, अधिक एक, नवसागरात असतो तो.

बोळातला_बंड्या

पट्ट्यांचं मान्य. माझ्या भाचीसाठी कापतोय. काटायचं "नेहमी" परत घेतो.

धायरीची_आई

शनिवार रात्रीचा रिपोर्ट. घरातल्या सगळ्या पत्रिका संपल्या, नणंदेच्या लग्नाचीसुद्धा कापली, ते घरी कळलेलं नाही अजून. पोरगा पट्ट्या लावत बसलाय आणि स्वयंपाकघरातली प्रत्येक पुडी वाचतोय. टूथपेस्टवर सोडियम फ्लोराइड सापडलं, तुरटीचा फॉर्म्युला शोधून काढला आणि मला म्हणतो आई यात वर दोन वेगवेगळे धातू आहेत तरी जुळतं, पोटॅशियमचा एक आणि अॅल्युमिनियमचे तीन मिळून चार, खाली सल्फेट दोन. मी नुसतं हो हो म्हटलं.

पण आता एक नवीन अडलंय. समोर बिल्डिंगचं काम चाललंय तिथल्या वाळूच्या ढिगात हा लहानपणापासून चुंबक फिरवतो, काळी पूड चिकटते ती डबीत भरून ठेवलीये. आज शोधलं तर ते मॅग्नेटाइट असतं म्हणे, फॉर्म्युला एफई थ्री ओ फोर. आता हा पट्ट्या घेऊन बसलाय. लोखंडाच्या दोन बोटांच्या तीन लावल्या तर सहा, तीन बोटांच्या तीन लावल्या तर नऊ, खाली ऑक्साइड चार म्हणजे आठ. कशानेच जुळत नाही. म्हणतो इंटरनेटवर चुकीचं आहे. जेवायला उठत नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा.

पाषाण_निवृत्त

त्याला म्हणावं, तीनही लोखंडं सारखीच असली पाहिजेत असं तुला कोणी सांगितलं? तुरटीत दोन वेगळे धातू चालले ना तुला.

धायरीची_आई

दोन बोटांची एक आणि तीन बोटांच्या दोन. आठ. जुळलं!! ओरडला इतक्या जोरात की खालचे काका वर आले विचारायला. जेवायला बसलाय आता, डबी शेजारी ठेवून.